एम.एस्सी.ला क्रिप्टोग्राफीत प्रबंध करायचा आहे, पण गणित मागं पडलंय. कुठून सुरू करू?

राधानगरीची_लेक

नमस्कार. मी कोल्हापुरात एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. बी.सी.ए. करून आले, त्यामुळं बारावीनंतर गणिताशी नीट गाठ पडलीच नाही. या सत्रात क्रिप्टोग्राफी (माहिती किल्लीनं बंद करायचं शास्त्र) आणि नेटवर्क सिक्युरिटीचा पेपर आहे. डीईएसची आकृती, एईएसची आकृती, आरएसएच्या पायऱ्या, माहिती बंद करायच्या अशा सगळ्या पद्धती वहीत सुंदर उतरवल्यात. परीक्षेत लिहून मार्कही मिळतील. पण हे सुरक्षित आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, हे मला अजून समजलेलं नाही आणि तेच समजून घ्यायचंय. पुढच्या वर्षीचा प्रबंधही याच विषयात करावा असं मनात आहे.

बाबा गावच्या दूध संस्थेचे सचिव आहेत. सकाळ-संध्याकाळ संकलन झालं की फॅट, एसएनएफ, लिटर, सगळं कॉम्प्युटरवर. दर दहा दिवसांनी बिल. प्रत्येक सभासदाचं बँक खातं, मोबाईल, आधारची झेरॉक्स आणि नंबर त्याच एका कॉम्प्युटरात. सुट्टीत गेले की मी तिथं बसते, आणि वर्गात शिकलेलं इथं कुठं लावायचं हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

विचारायचं ते एवढंच. गणित कोणतं आणि किती करू? प्रबंधाला कसला विषय झेपेल? आणि सगळे म्हणतात, हे सोड, चार-सहा महिन्यांचा एथिकल हॅकिंगचा कोर्स कर, लगेच नोकरी लागते. घरचेही तेच म्हणायला लागलेत. मोठ्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

उद्यमनगर_ते_हिंजवडी

ताई, मी मूळचा उद्यमनगरचा, आता पुण्यात एका कंपनीच्या सिक्युरिटी टीममध्ये आहे. नोकरीचं आधी सांगतो, कारण घरच्यांना तेच ऐकायचं असतं.

कोर्स वाईट नाहीत. टूल हाताळायला शिकवतात, आणि पहिली नोकरी बऱ्याच जणांना त्यावरच लागते. रात्रपाळीत स्क्रीनसमोर बसायचं, अलर्ट आला की तपासायचा, वर कळवायचं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानंतर अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, त्यामुळं ही माणसं सगळीकडं लागतातच. पण दोन-तीन वर्षांनी कुणीतरी विचारतं, ही किल्ली कुठं ठेवायची, हा डेटा असा बंद केला तर चालेल का, आणि तिथं टूलवाला गप्प बसतो. एम.एस्सी. अर्धी झालीच आहे तर ती नीट कर. कोर्स कधीही करता येतो.

पुढं जायचं असेल तर वाटा आहेत. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा पुण्यात सिक्युरिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.टेक. करता येतं, त्यात महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. आणि गणितात खरंच जीव रमला तर कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये क्रिप्टॉलॉजी अँड सिक्युरिटी याच नावाचं एम.टेक. आहे. आपल्याकडच्या फार कमी पोरांना हे माहीत असतं याचं मला वाईट वाटतं.

गणिताचं मी सांगण्यापेक्षा इथं मॅडम आहेत, त्यांनी सांगावं.

करवीरच्या_मॅडम

बाळ, तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. "हे सुरक्षित आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो" हे ज्या मुलीला विचारावंसं वाटतं तिनं गणिताला भ्यायचं कारण नाही. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात गणित शिकवते, नंबर थिअरी हा माझा जीव की प्राण विषय. तेव्हा जरा सविस्तर लिहिते, वही-पेन घेऊन वाच.

आरएसए १९७७ सालचं. रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन या तिघांचं. वहीत तू पायऱ्या उतरवल्यास, आता आकडे घाल. मूळ संख्या १३ आणि १९ घे. गुणाकार २४७, हा जगाला सांगायचा. दोन्हींतून एकेक कमी करून गुण: १२ गुणिले १८, म्हणजे २१६. हा कुणाला कळू द्यायचा नाही. उघडी किल्ली, म्हणजे बंद करायची आणि सगळ्यांना माहीत असलेली, ५ घे. गुप्त किल्ली म्हणजे असा आकडा, ज्याला ५ नं गुणून २१६ नं भागलं की बाकी १ उरते. तो शोधायला २१६ ला ५ नं भाग. भाग ४३ वेळा जातो, बाकी १. म्हणजे ५ गुणिले ४३ हे २१६ ला एकनंच कमी पडतं, म्हणून २१६ वजा ४३ कर: १७३. ताळा करून बघ. ५ गुणिले १७३ झाले ८६५, २१६ चोक ८६४, बाकी १. भागाकार करत करत बाकीतून उत्तर उलटं काढायची ही रीत आर्यभटापासून आपल्याकडं कुट्टक म्हणून चालत आली आहे, आणि भास्कराचार्यांनी ती मन लावून मांडली आहे. तुझ्या अभ्यासक्रमात तीच युक्लिडच्या नावानं येते.

आता ७ हा आकडा पाठव. ७ चा पाचवा घात १६८०७, त्याला २४७ नं भागलं की बाकी ११. हा ११ तारेवरून गेला. पलीकडचा ११ चा १७३ वा घात घेणार आणि २४७ नं भागून बाकी काढणार. एवढा मोठा घात बघून बिचकू नकोस. १३ साठी वेगळी बाकी काढ, १९ साठी वेगळी. फर्माचं छोटं प्रमेय लावलंस की १३ कडं १७३ हा घात उतरून ५ वर येतो, १९ कडं ११ वर. दोन्हीकडं बाकी ७ च येते. १३ नंही ७, १९ नंही ७, म्हणजे २४७ नंही ७. हे एकदा स्वतःच्या हातानं झालं ना, की मॉड्युलर गणित (भागाकारातल्या बाक्यांचं), फर्मा, चायनीज रिमेंडर, सगळी एकाच कामाला जुंपलेली दिसतात, आणि मग ती सुटी सुटी पाठ करावी लागत नाहीत. झाल्यावर पायथनच्या पाऊ फंक्शनला ११, १७३, २४७ हे तीन आकडे दे आणि उत्तर ताडून बघ. आधी कागद, मग पायथन, उलटं नको.

इथवर पदवीचा अभ्यास झाला. पदव्युत्तर प्रश्न इथून पुढं सुरू होतो.

समज, एखाद्या परीक्षा विभागानं प्रत्येक मुलाचे मार्क अशाच रीतीनं, उघड्या किल्लीनं घात करून, बंद केले आणि यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. शंभरपैकी मार्क. म्हणजे ० ते १०० अशा १०१ शक्यता. उघडी किल्ली तर सगळ्यांकडं आहेच. मग कुणीही बसून १०१ ओळींचा तक्ता करील: ० चं काय होतं, १ चं काय होतं, २ चं काय होतं. यादीशेजारी तक्ता धरला की सगळ्यांचे मार्क उघडे. २४७ च्या जागी २०४८ बिटांची संख्या घे, जिचे अवयव पाडणं आज कुणालाच शक्य नाही. तक्ता १०१ ओळींचाच राहतो. कुलूप कितीही मोठं घेतलं तरी आतल्या शक्यता मोजक्याच असतील तर चोर कुलपाच्या वाटेला जातच नाही.

हेच शाफी गोल्डवासर आणि सिल्व्हिओ मिकाली यांनी १९८२ मध्ये नेमकं मांडलं, आणि त्या वाटेवरच्या कामासाठी दोघांना २०१२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांचं म्हणणं खेळाच्या रूपात असं सांगता येतं. शत्रूला दोन संदेश त्याच्या मनानं निवडू दे. त्यातला एक आपण बंद करून त्याच्या हातात ठेवायचा. कोणता ते त्यानं ओळखायचं. डोळे मिटून ठोकलं तरी अर्ध्या वेळा बरोबर येणारच. त्यापेक्षा दखल घ्यावी इतकं जास्त त्याला जमलं नाही, तरच पद्धत सुरक्षित. आपलं वरचं आरएसए या खेळात पहिल्या डावातच हरतं, कारण ७ बंद केला की दर वेळी ११ च येतो. म्हणून बंद करण्याआधी त्यात ताजी यादृच्छिकता मिसळावी लागते. बेलारे आणि रोगावे यांनी १९९४ मध्ये दिलेली ओएईपी पद्धत त्यासाठीच आहे. पुस्तकात "पॅडिंग" म्हणून अर्ध्या पानात उरकतात, मला ते पटत नाही. सगळी सुरक्षितता तिथं आहे.

तेव्हा गणित कोणतं? नंबर थिअरी वर सांगितली तेवढ्या खोलीची. ग्रुप आणि फायनाइट फील्ड (मोजक्याच घटकांत बेरीज-गुणाकार चालतात अशी रचना), कारण एईएसमधली एस-बॉक्सची, एका बाइटच्या जागी दुसरा ठेवणारी, ती गूढ वाटणारी सारणी म्हणजे २५६ घटकांच्या फील्डमधला व्यस्त आणि त्यावर एक साधं रूपांतर. एवढं कळलं तर सारणी स्वतः तयार करता येते. आणि संभाव्यता, सगळ्यात जास्त संभाव्यता. मुलं नेमकी तीच टाळतात. व्याख्या संभाव्यतेत, सिद्धता संभाव्यतेत, हॅशवरचा (माहितीवरून काढलेल्या ठरावीक लांबीच्या ठशावरचा) हल्ला संभाव्यतेत. रोज एक उदाहरण सोडव, पण सोडव.

प्रबंधाबद्दल एकच ठामपणे सांगते. "एईएस आणि आरएसए एकत्र करून नवीन सुरक्षित अल्गोरिदम" हा विषय घेऊ नकोस. असले प्रबंध ढिगानं होतात. फाइल बंद झाली, उघडली, एवढ्या सेकंदांत झाली, असा आलेख काढतात आणि सुरक्षित आहे म्हणून शेवट करतात. एईएस कसं आलं बघ: १९९८ मध्ये १५ पद्धती स्पर्धेत उतरल्या, जगभरच्या तज्ज्ञांनी त्या फोडायचा प्रयत्न केला, पाच उरल्या, आणि २००० साली डेमेन आणि राइमेन या दोघा बेल्जियन माणसांची निवडली गेली. आणि एवढी चाळण लावूनही जपून राहावं लागतं. साइक नावाची पद्धत क्वांटम संगणक आल्यानंतरच्या काळासाठीच्या स्पर्धेत वर्षानुवर्षं टिकली होती. २०२२ मध्ये कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी तिची सगळ्यात छोटी आवृत्ती साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात फोडली. तज्ज्ञांचं हे होतं, तर एका सत्रात केलेल्या नव्या अल्गोरिदमला कोण विचारणार? तू असलेलं नीट वापरून दाखव, किंवा कुठं चुकीचं वापरलंय ते मोजून दाखव. त्यात खरा अभ्यास आहे.

राधानगरीची_लेक

मॅडम, काय लिहू? गणित केलं. ११ चा घात १९ साठी काढताना आधी ११ चा वर्ग ७, मग घन १ आला, आणि तिथून पुढं सगळं आपोआप सुटलं. रूममेटला दाखवलं तर तीही बसली करायला.

तक्त्याचं वाचल्यावर एक आठवलं. संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये आधार नंबर "एनक्रिप्टेड" आहेत असं बसवणाऱ्या माणसानं बाबांना सांगितलं होतं. मी डेटाबेस उघडून बघितला तर प्रत्येक आधारच्या जागी एसएचए-२५६ चा हॅश आहे, सॉल्ट (हॅश काढण्याआधी मिसळायचा यादृच्छिक आकडा) वगैरे काही दिसला नाही. हॅश उलटा फिरवता येत नाही असं आम्हाला शिकवलंय. मग हे सुरक्षित म्हणायचं की मॅडम म्हणतात तसा तक्ता इथंही करता येईल?

उद्यमनगर_ते_हिंजवडी

बरोबर जागी बोट ठेवलंस. करता येतो, आणि लई पटकन करता येतो.

आधार १२ आकडी. शेवटचा आकडा व्हरहॉफ पद्धतीचा तपासणीचा, तो आधीच्या ११ वरून ठरतो. पहिला आकडा ० किंवा १ नसतो. म्हणजे ८ गुणिले १० चा दहावा घात, एकूण ८० अब्ज शक्यता. ऐकायला आकडा मोठा आहे. पण एसएचए-२५६ मुळात वेगवान असावं म्हणूनच बनवलंय, आणि आजचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी हॅश काढतं. मिनिटभराचं काम. मोबाईल नंबरचं तर त्याहून सोपं. हॅश उलटा फिरवायची गरजच नाही, मॅडमच्या मार्कांच्या यादीसारखं पुढून मोजत जायचं. सॉल्ट घातला तरी तो शेजारच्याच रकान्यात असतो, म्हणजे प्रत्येक सभासदामागं मिनिटभर, एवढाच फरक.

२००८ मध्ये उघडकीला आलेलं डेबियन या लिनक्सचं प्रकरण याच जातीचं. किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी काढल्या गेल्या आणि यादृच्छिकतेच्या नावाखाली फक्त प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रामला संगणक देतो तो) उरला. २०४८ बिटांची किल्ली, पण एका प्रकारच्या यंत्रावर ती ३२,७६८ पैकीच एक असायची. जवळजवळ दोन वर्षं कुणाला पत्ता नव्हता. माझ्या रोजच्या कामात मी किल्ली किती बिटांची ते शेवटी विचारतो. आधी विचारतो, ती आली कुठून आणि ठेवली कुठं.

मग आधारचं करायचं काय? नुसता हॅश नको, गुप्त किल्ली घातलेला एचमॅक हवा, आणि ती किल्ली त्याच कॉम्प्युटरात, त्याच पेनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये नको. मोठ्या संस्थांना आधार देणाऱ्या यूआयडीएआयनं २०१७ मध्येच आधार डेटा व्हॉल्ट करायला सांगितलंय: खरा नंबर एकाच बंद जागी, बाकी सगळीकडं त्याच्या बदल्यातला संदर्भ क्रमांक. गावच्या संस्थेनं हे एका कॉम्प्युटरवर, कमी खर्चात, लाईट गेली तरी चालेल असं कसं करायचं, यावर नीट लिहिलेलं माझ्या तरी बघण्यात नाही. तुला विषय हवा होता ना?

आणि कायद्याची बाजूही आता आहे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यात एनक्रिप्शन, मास्किंग, कुणी काय उघडलं याची नोंद, बॅकअप, हे सगळं वाजवी सुरक्षिततेत धरलंय. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हे घाल, परीक्षकाला विषयाचं महत्त्व वेगळं पटवावं लागणार नाही.

एक सराव मराठीवाल्यांसाठी देतो, मला फार आवडतो. एकाच किल्लीनं आणि एकाच नॉन्सनं (दर संदेशाला नवा घ्यायचा आकडा) दोन मराठी संदेश स्ट्रीम सायफरनं (किल्लीतून निघालेले बिट संदेशात मिसळणारी पद्धत) बंद कर आणि दोन्ही बंद संदेशांचा एक्सऑर घे, म्हणजे बिट सारखे तिथं ०, वेगळे तिथं १. किल्ली उडून जाते, एवढं पुस्तकात असतं. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं संगणकात साठवायची रीत) तीन बाइट घेतं, पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५. त्यामुळं दोन्हीकडं अक्षरं समोरासमोर असतील तिथं दर तिसरा बाइट शून्य आणि त्याच्या पुढचा ० किंवा १ येतो. जागा सोडलेली असली की एका बाइटनं सरकतं आणि नक्षी बदलते, म्हणजे शब्द कुठं तुटला तेही दिसतं. करून बघ. नॉन्स पुन्हा का वापरायचा नाही ते जन्मात विसरणार नाहीस.

करवीरच्या_मॅडम

हा देवनागरीचा सराव मी वर्गात घेणार, आधीच सांगून ठेवते.

बाळ, विषय उत्तम आहे, घे. फक्त त्याला गणिताचा कणा दे. "सुरक्षित आहे" असं वाक्य प्रबंधात कुठंही एकटं येऊ देऊ नकोस. शत्रूच्या हाती काय काय लागलं असं धरलंस ते आधी लिही: फक्त बॅकअपचा पेनड्राइव्ह? अख्खा कॉम्प्युटर? की संस्थेतलाच माणूस, ज्याच्याकडं पासवर्ड आहे? या तिघांपुढं तुझी रचना वेगवेगळी टिकेल, आणि तिसऱ्यापुढं काही बाबतीत टिकणारच नाही. ते न टिकणंही मोकळेपणानं लिही. मग नुसत्या हॅशसाठी शक्यता मोज, एचमॅकसाठी मोज, पासवर्डसाठी मुद्दाम संथ बनवलेली अर्गॉन-२ ही हॅश पद्धत वापरून एका प्रयत्नाला किती वेळ लागतो ते त्या जुन्या कॉम्प्युटरवरच घड्याळ लावून मोज. एवढं झालं की दोन वर्षांत तू काय शिकलीस ते कुणालाही सांगू शकशील.

क्वांटमचा मोह होईल, सगळीकडं तेच ऐकू येतं. क्वांटम संगणकावर मोठ्या संख्यांचे अवयव पाडणारा शोरचा अल्गोरिदम १९९४ चा, आणि तेवढा मोठा क्वांटम संगणक झाला तर आरएसए जाईल हे खरं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये निस्ट या अमेरिकी मानक संस्थेनं एमएल-केईएम या किल्ली पोचवायच्या पद्धतीसह तीन नवी मानकं काढलीही. पण एमएल-केईएमखालचं लॅटिसचं (बिंदूंच्या जाळीचं) गणित एका सत्रात घाईनं उरकायचं नाही. शेवटच्या प्रकरणात दोन पानं दे, पुढं शिकायची इच्छा राहिली तर तोच रस्ता धर.

राधानगरीची_लेक

मॅडम, दादा, मनापासून आभार. सरांना उद्याच विषय सांगते. बाबांशी फोनवर बोलले, ते म्हणाले संस्थेचा पेनड्राइव्ह शनिवारी घेऊन जा, सगळा डेटा आहे त्यात, तुला हवा तसा वापर.

उद्यमनगर_ते_हिंजवडी

ताई, तो पेनड्राइव्ह हॉस्टेलवर आणू नकोस. बाबांनी प्रेमानं दिला तरी नाही. डेटा सभासदांचा आहे, बाबांचा नाही.

तुला खऱ्या आधार नंबरची गरजही नाही. व्हरहॉफ तपासणीत बसणारे दोन हजार खोटे नंबर तयार करणारी दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिही, नावं-खाती खोटी घाल, फॅट-लिटरचे आकडे मनानं टाक, आणि सगळे प्रयोग त्यावर कर. निकालात काहीही फरक पडत नाही. संस्थेतून फक्त टेबलांची रचना घे: रकाने कोणते, कशात काय साठवलंय. तेवढ्यासाठीही संचालक मंडळाची लेखी परवानगी संस्थेच्या लेटरहेडवर घे आणि प्रबंधाला जोड. आणि त्या हॅशची गोष्ट प्रबंध होईपर्यंत थांबवू नकोस. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला बाबांकडून या आठवड्यातच लेखी कळव, दुरुस्त केलं की नवीन बॅकअप घ्या आणि जुने पेनड्राइव्ह नष्ट करा.

राधानगरीची_लेक

हे लक्षात आलं नव्हतं. पेनड्राइव्ह तिथंच राहील. शनिवारी गावी जाऊन बाबांना पत्राचा मसुदा करून देते, आणि खोट्या नंबरांची स्क्रिप्ट झाली की इथं टाकते, व्हरहॉफचं तेवढं तपासून द्या.